दिवाळीची भेटखरेदी आणि स्त्रियांचे लघुउद्योग

महाराष्ट्रातील शहरी कार्यालये, गृहनिर्माण संस्था आणि मध्यमवर्गीय कुटुंबे दिवाळीनिमित्त जी भेटखरेदी करतात, तिच्यातील काही वाटा स्त्रियांच्या मालकीच्या लहान उद्योगांकडे वळलेला दिसतो. हे उद्योग स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात: एकट्या स्त्रीने घरच्या स्वयंपाकघरात चालवलेला, काही जणींनी भागीदारीत उभा केलेला, आणि बचत गटाचा. बचत गट म्हणजे एकाच वस्तीतील साधारण दहा ते वीस स्त्रियांचा असा समूह, की जो दरमहा ठरावीक रक्कम साठवतो, त्या साठ्यातून सभासदांना आपसांत कर्ज देतो आणि पुढे बँकेच्या कर्जावर एखादा सामाईक व्यवसाय करतो. खरेदी करणारे कार्यालय आणि डबे भरणारा गट यांच्यामध्ये बहुधा एक समन्वयक असते. कार्यालयाची मागणी समजून घेणे, ती दोन-चार गटांत वाटणे, नमुने तपासणे, माल पोहोचवणे आणि पैसे वसूल करून गटाच्या खात्यात जमा होतील हे पाहणे असे तिच्या कामाचे स्वरूप असते. प्रस्तुत विवेचन पुणे-मुंबई पट्ट्यातील अशा समन्वयाच्या कामात आलेल्या अनुभवावर आधारलेले आहे. त्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, अशा खरेदीतून स्त्रीच्या पदरात नेमके काय पडते हे खरेदीदाराच्या सद्भावनेवर फारसे अवलंबून नसते. मागणी केव्हा नोंदवली, दर कसा ठरला आणि पैसे कधी मिळाले या तीन व्यवहारी गोष्टी ते ठरवतात.

या तिन्ही गोष्टींचे महत्त्व महाराष्ट्रातील स्त्रियांच्या उद्योगांनी फार पूर्वीच ओळखले होते. गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन १५ मार्च १९५९ रोजी पापड लाटण्यास सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. त्या संस्थेत लाटणारी प्रत्येक स्त्री सहमालक मानली जाते, आणि पीठ घरी नेऊन लाटलेले पापड परत आणून देताच मजुरी हातात पडण्याची पद्धत तिच्या विस्ताराला मोठी कारण ठरली. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांची अडचण नेमकी उलटी होती. गिरणी कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत, तोवर धान्य उधारीवर किंवा सावकाराच्या पैशांवर आणावे लागे, आणि व्याजातच कमाई जाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जापर्यंत पोहोचवले. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘माविम’, स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. १९९७ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. आणि पुढे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, अर्थात ‘उमेद’ने, गावोगावी गटांचे जाळे विणले. या सर्व प्रयत्नांचा रोख उत्पादनाइतकाच खेळत्या भांडवलावर होता, म्हणजे कच्चा माल घेतल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत धंद्यात गुंतून राहणाऱ्या रकमेवर. दिवाळीच्या मागणीतही सर्वांत आधी जाणवतो तो याच रकमेचा तुटवडा.

मागणीच्या वेळेचा प्रश्न पंचांगापासून सुरू होतो. दिवाळी चांद्र तिथीने येत असल्यामुळे ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकत राहते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. कार्यालयांचे अंदाजपत्रक मात्र इंग्रजी महिन्यांनी चालते. सहामाही सप्टेंबरअखेर संपते, भेटवस्तूंचा खर्च त्यानंतर मंजूर होतो, आणि दिवाळी लवकर असेल त्या वर्षी मंजुरी व सण यांच्यात जेमतेम तीन आठवडे उरतात. पितृपक्षात नवी खरेदी ठरवायची नाही असा अनेकांचा प्रघात असल्यामुळे निर्णय आणखी पुढे ढकलला जातो आणि मागणी नवरात्रात किंवा दसऱ्यानंतर हाती येते. कारखान्यात बनणाऱ्या मिठाईच्या किंवा सुक्या मेव्याच्या खोक्याला हा उशीर परवडतो, कारण तो माल आधीच गोदामात असतो. फराळाला तो परवडत नाही.

फराळातील प्रत्येक जिन्नसाचे स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते आवळता येत नाही. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजवावे लागतात. मग ते निथळून सावलीत कापडावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळून चाळायचे, गुळात मळायचे आणि तो गोळा काही दिवस मुरू द्यायचा. गोळा नीट मुरला नाही किंवा गुळाचे प्रमाण चढले, तर तुपात सोडताच अनारसा फसफसून विरघळतो, ज्याला स्वयंपाकघरात ‘अनारसे हसले’ असे म्हणतात. चकलीची भाजणी, म्हणजे तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजून धणे-जिऱ्यांसह दळलेले पीठ, ही एका घरापुरती एका दुपारी होते; दोनशे डब्यांसाठी धान्य धुऊन वाळवण्यालाच जागा आणि ऊन दोन्ही पुरवून वापरावे लागते. परतीचा पाऊस लांबला की वाळवण अडते. शिवाय गिरणीत आधी काय दळले गेले आहे याचीही चौकशी करावी लागते, कारण मागच्या दळणाचे पीठ भाजणीत मिसळले तर चकली तुटते किंवा तेल पिते. बेसनाच्या लाडवाचे पीठ मंद आचेवर तासन्तास हलवावे लागते, आणि गॅसची शेगडी मोठी केली म्हणून तो वेळ कमी होत नाही. पीठ खालून करपते आणि वरून कच्चे राहते.

उशिरा आलेली मागणी पुरी करायची तर आधी बनवून ठेवावे, ही सूचना कार्यालयाकडून हमखास येते. तिला मर्यादा घालतो तो टिकवण कालावधी, म्हणजे पदार्थ चवीला आणि आरोग्याला योग्य राहण्याची मुदत. बेसनाचा लाडू आणि शंकरपाळे तीनेक आठवडे सहज राहतात. चिवडा हवा लागली की सादळतो. चकलीचा खुसखुशीतपणा झाकणाच्या घट्टपणावर अवलंबून असतो. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची करंजी टिकते, पण सारणात ओला नारळ असेल तर ती दोन दिवसांतच संपवावी लागते. त्यात डबा कार्यालयातून कर्मचाऱ्याच्या घरी आणि तिथून कधी गावी जातो, तेव्हा खाणारा तो पाडव्यालाच उघडेल असे धरून चालत नाही. म्हणून अनुभवी समन्वयक वेळापत्रक लक्ष्मीपूजनापासून मागे मोजते: वाटप, त्याआधी डबे भरणे, त्याआधी तळण, त्याआधी दळण, त्याआधी किराणा; आणि या उलट्या मोजणीत मागणीची शेवटची तारीख बहुधा गणपतीच्या आसपास येऊन ठेपते. परदेशी जाणाऱ्या फराळाला तर याहून आधी निघावे लागते आणि त्याचे भवितव्य कोणाच्याच हाती नसते. २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांची आयातशुल्कमाफी काढून घेतल्यावर भारतीय टपाल खात्याने ऑगस्टच्या अखेरीस तिकडची बहुतेक नोंदणी थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती.

दुसरा प्रश्न दराचा. कार्यालय प्रथम डब्यामागची रक्कम ठरवते आणि मग त्या रकमेत काय काय बसेल असे विचारते. गटातील स्त्रिया दर सांगताना डाळ, तेल, तूप, साखर, खोबरे आणि डबा यांची बेरीज करून त्यावर थोडी रक्कम चढवतात. या बेरजेत स्वतःची मजुरी बहुधा नसते; गॅस निम्मा धरलेला असतो, कारण तो ‘घरचाच’ असतो; जागेचे भाडे, भांड्यांची झीज, बाजारात जाण्यायेण्याचा खर्च आणि तुटलेल्या चकल्यांची घट यांचा तर उल्लेखही नसतो. दर कमी राहतो तो या न मांडलेल्या श्रमांमुळे, आणि खरेदीदाराला तो ‘घरगुती म्हणून स्वस्त’ वाटतो. समन्वयाच्या कामातील सर्वांत उपयोगी कागद म्हणून एका साध्या तक्त्याचा उल्लेख करावा लागेल. त्यात प्रत्येक जिन्नसासाठी किती जणी किती तास बसल्या हे लिहायचे आणि त्या तासांना वस्तीतील प्रचलित रोजंदारीचा भाव लावायचा, एवढेच अपेक्षित असते. हा तक्ता प्रथम भरताना बहुतेक गटांत अवघडलेपण दिसते, कारण शेजारणीसोबत गप्पा मारत केलेल्या कामाला तासाचा भाव लावणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. पण आकडे समोर आल्यावर कोणता पदार्थ आपल्याला बुडवतो हे त्यांनाच लख्ख दिसते. अनारसा हा असा पदार्थ होय. गिऱ्हाइकांत त्याची मागणी मोठी आणि मान मोठा, पण मजुरी धरली तर तो बहुधा तोट्यात जातो, म्हणून काही गट तो डब्यातून काढून वेगळ्या दराने, फक्त आगाऊ सांगणाऱ्यालाच देतात.

कार्यालयाला हवा असतो सारखेपणा, आणि तो घरगुती उत्पादनाला सहजी साधत नाही. एकच मागणी चार गटांत वाटली की चार प्रकारच्या चकल्या तयार होतात. एकीच्या चकलीला चार वेढे, दुसरीच्या तीन, कुठे तीळ जास्त, कुठे ओवा. एकाच मजल्यावरच्या दोन कर्मचाऱ्यांच्या डब्यांत असा फरक निघाला की त्याची चर्चा होते. यावर सर्वमान्य झालेला उपाय असा की जिन्नस गटांत वाटायचे, डबे नाहीत: एका गटाने सगळ्या चकल्या करायच्या, दुसऱ्याने सगळे लाडू, आणि भरण्याचे काम एकाच ठिकाणी वजनकाट्यावर करायचे. वेष्टनावर निव्वळ वजन, घटक, बनवल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक असावा लागतो. लहान उलाढालीच्या अन्नव्यवसायाला मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी चालते. तिची मर्यादा अनेक वर्षे वार्षिक १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये असे राहिले. ही रक्कम अडसर नसते. अडसर असतो तो ऑनलाइन अर्ज, जागेचा पुरावा आणि त्या पुराव्यावर असलेले सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव. घर स्त्रीच्या नावावर नसल्यामुळे जागेचा पुरावा लागणाऱ्या तिच्या उद्योगाच्या प्रत्येक कागदासाठी घरातील पुरुषाचे संमतिपत्र जोडावे लागते, आणि मालकीचा प्रश्न तिथेच प्रथम उभा राहतो.

‘स्त्रीच्या मालकीचा उद्योग’ कोणता म्हणायचा याची शासकीय खरेदीपुरती व्याख्या स्पष्ट आहे: एकल मालकीत मालक स्त्री असावी, भागीदारीत किंवा खासगी कंपनीत स्त्रियांचा वाटा किमान ५१ टक्के असावा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघू उद्योगांसाठी ठेवलेल्या हिश्शापैकी ३ टक्के खरेदी स्त्रियांच्या उद्योगांकडून करण्याची तरतूद २०१८ मध्ये जोडली गेली. प्रत्यक्ष कामात मात्र कागदापेक्षा काही साधे प्रश्न जास्त सांगून जातात. दर ठरवताना फोन कोणाकडे दिला जातो, बँकेचा संदेश कोणाच्या मोबाइलवर येतो, आणि मिळालेल्या पैशांतून कढई घ्यायची की नाही हे कोण ठरवते, ही उत्तरे मिळाली की मालक कोण ते कळते. मुलगा किंवा नवरा माल पोहोचवतो, बिल टंकित करतो, गाडी आणतो, यात वावगे काही नाही. पण समन्वयकेला ‘मॅडम, दर मीच सांगतो’ असे घरातल्या पुरुषाचे उत्तर येते तेव्हा तो उद्योग स्त्रीच्या नावावर असला तरी तिच्या हातात नसतो. गटात हा धोका तुलनेने कमी असतो, कारण खात्यावर अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या सह्या लागतात आणि हिशेब मासिक बैठकीत सर्वांसमोर वाचला जातो.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक प्रश्न पैसे मिळण्याच्या वेळेचा आहे. दिवाळीच्या तोंडावर तेल, डाळ, खोबरे आणि सुका मेवा यांचे भाव चढतात, आणि तेव्हाच सगळा किराणा रोखीने घ्यावा लागतो. गटाच्या साठ्यातून कर्ज घेतले तर त्यावर दरमहा शेकडा एक-दोन रुपये व्याज पडते, आणि सणाच्या काळात इतर सभासदांनाही पैसे हवे असल्यामुळे साठा अपुरा पडतो. अशा वेळी मागणीसोबत अर्धी रक्कम आगाऊ आली, तर किराणा गणपतीनंतरच्या उतरत्या भावात घेता येतो आणि दर न वाढवताही गटाची कमाई वाढते. उलट कार्यालयाचा ‘बिल मिळाल्यापासून साठ दिवस’ हा नेहमीचा नियम फराळालाही लावला गेला, तर दिवाळीच्या मालाचे पैसे नाताळच्या सुमारास मिळतात. कायदा याबाबत उत्पादकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. या संरक्षणासाठी ‘उद्यम’ ही केंद्र सरकारची नोंदणी करून ठेवणे आणि बिलावर तिचा क्रमांक छापणे शहाणपणाचे ठरते. तो छापलेला असला की लेखाविभागाचे उत्तर बदलते असा या कामातील सर्वसाधारण अनुभव आहे, कारण करातील तोटा हिशेबनिसाला विनंतीपेक्षा लवकर समजतो.

या तिन्ही प्रश्नांखाली एक अधिक अवघड गोष्ट आहे, जी खरेदीच्या चर्चेत क्वचितच येते. बाजाराची दिवाळी आणि घरची दिवाळी एकाच पंधरवड्यात येतात. ज्या दिवसांत गटातील स्त्री रोज आठ-दहा तास कढईसमोर बसते, त्याच दिवसांत घराची साफसफाई, मुलांच्या सहामाही परीक्षा, येणारी नणंद, आणि ‘यंदा आपल्या घरी फराळ कधी?’ हा प्रश्नही तिच्यापुढे असतो. सणाची मागणी तिच्या घरकामातला कोणताही भाग कमी करत नाही. ते काम पहाटेच्या आणि रात्रीच्या तासांत सरकते, एवढेच. काही गटांनी यावर आपसांत तोडगा काढला आहे. मागणीच्या शेवटच्या घाण्यातच सभासदांच्या घरचा फराळ तळायचा आणि त्याचा किराणा खर्च हिशेबात उघड दाखवायचा, शिवाय वसुबारसेनंतर कोणतीही मागणी घ्यायची नाही. हा नियम पाळणे सोपे नसते, कारण शेवटच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त फोन येतात आणि सर्वांत चढा दरही तेव्हाच मिळतो. तरीही तो पाळणाऱ्या गटांत पुढच्या वर्षी सभासद टिकून राहतात, तर न पाळणाऱ्या गटांतून दिवाळीनंतर एखाद-दुसरी स्त्री घरच्यांच्या रागामुळे बाहेर पडते.

खाद्येतर वस्तूंनी हा भार काहीसा हलका होतो. उटणे, पणत्या, कापडी पिशव्या, गोधड्या, वारली चित्रांच्या वस्तू किंवा बांबूचे आकाशकंदील पावसाळ्यातही करून ठेवता येतात आणि त्यांना टिकवण कालावधीची धास्ती नसते. गोधडीसारख्या वस्तूला लागणारे आठवडे सवडीने, घरची कामे सांभाळून, घालता येतात. मात्र त्यात भांडवल दीर्घकाळ अडकते आणि आवड बदलण्याचा धोका राहतो. शिल्लक राहिलेला कंदील पुढच्या वर्षी नवा म्हणून खपत नाही. म्हणून मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ किंवा पुण्यातील ‘भीमथडी जत्रा’ यांसारखी प्रदर्शने अशा गटांना उपयोगी पडतात. तिथे थेट विक्री होते हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की गिऱ्हाईक कोणत्या वस्तूशी थबकते आणि किंमत ऐकून कुठे वस्तू खाली ठेवते हे करणारीला स्वतः पाहता येते. दिवाळीच्या डब्यातून जोडलेल्या कार्यालयाला उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाचा मसाला विकता आला, तर सणाची खरेदी नियमित व्यवहाराची पहिली पायरी ठरते. अन्यथा ती दरवर्षी नव्याने करावी लागणारी विनवणी राहते.

ती विनवणी राहण्याला खरेदीदारांची एक वृत्तीही कारणीभूत असते. स्त्रियांच्या उद्योगाकडून घेतलेली भेट ही ‘मदत’ आहे अशी समजूत असली, की कार्यालय डब्यासोबत गटाची हकीकत छापलेले कार्ड मागते, तळतानाची छायाचित्रे मागते, आणि पदार्थ खवट निघाला तरी तक्रार करत नाही. वरवर हे सौजन्य वाटते. पण तक्रार न करणारे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी न बोलता दुसरीकडे जाते, आणि तेल बदलायला हवे होते हे गटाला कधीच कळत नाही. याउलट ‘चिवड्यात मीठ जास्त होते, शंभर डब्यांचे वजन कमी भरले, भरपाई द्या’ असे स्पष्ट सांगणारे कार्यालय बहुतेक वेळा परत येते, कारण त्याने गटाला पुरवठादार मानलेले असते. दयेने घेतलेल्या मालाची फेरमागणी क्वचित येते. चवीसाठी आणि वेळेवर मिळतो म्हणून घेतलेल्या मालाची येते.

यावरून अशा खरेदीचे यश मोजण्याची नेहमीची पट्टी, म्हणजे किती डबे गेले आणि किती रुपयांची उलाढाल झाली, अपुरी असल्याचे दिसते. उलाढाल मोठी असूनही मजुरी न निघालेली दिवाळी अनेक गटांनी पाहिलेली असते, आणि ती त्यांनी निमूटपणे पत्करलेली असते, कारण नाही म्हटले तर गिऱ्हाईक कायमचे जाईल ही भीती त्यांना असते. आगाऊ रक्कम मिळू लागली, तक्त्यात मजुरी लिहिली जाऊ लागली आणि वर्षभराची दोन-तीन गिऱ्हाइके हाती आली, की ती भीती ओसरते. तेव्हा दसऱ्यानंतर पडत्या दरात पाचशे डबे मागणाऱ्या कार्यालयाला गटाची सचिव ‘या दरात आणि या तारखेला जमणार नाही, पुढच्या वर्षी गणपतीपूर्वी कळवा’ असे सांगू शकते. समन्वयकेच्या वहीत अशी नाकारलेली मागणी गमावलेला व्यवसाय म्हणून नोंदवली जाते. उद्योगाची मालकी खरोखर स्त्रियांकडे आली आहे याचा तितका भरवशाचा दुसरा पुरावा मात्र त्या वहीत सापडत नाही.